गाडीचे नट-बोल्ट नेमके किती आवळायचे? टॉर्कविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी गाडीचं काम करणारे, गॅरेजमध्ये नव्याने शिकणारे आणि टायरच्या दुकानातून परतल्यावर शंका घेऊन येणारे गाडीमालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट दोनदा सांगण्यापेक्षा दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. इथला आकडा आणि तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा वेगळा दिसला, तर पुस्तकातलाच धरा.

१. टॉर्क म्हणजे नेमकं काय? मी पूर्ण ताकदीने आवळतो, ते पुरेसं नाही का?

पान्यावर लावलेला जोर गुणिले नटाच्या मध्यापासून तुमच्या हातापर्यंतचं अंतर, म्हणजे टॉर्क. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर लावला तर १० किलोग्रॅम-मीटर, म्हणजे साधारण ९८ न्यूटन-मीटर टॉर्क होतो. तोच हात, तीच ताकद, पण पाना २५ सेंटीमीटरचा असेल तर टॉर्क बरोबर निम्मा. त्यामुळे ‘पूर्ण ताकद’ हे माप होऊच शकत नाही. ताकद कोणाची आणि पाना केवढा, यावर सगळं अवलंबून आहे. पुढे न्यूटन-मीटरला एनएम असं लिहिलं आहे.

२. बोल्ट जितका घट्ट तितका सुरक्षित, असंच ना?

नाही. हा एक गैरसमज गेला तर बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो. ताणलेला बोल्ट कडक स्प्रिंगसारखा परत आखडायला बघतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. खरं काम हा दाब करतो. चाकाचंच घ्या. रिम हबवर इतकी दाबून बसते की त्या दोघांतल्या घर्षणानेच ब्रेकचा आणि वळणाचा जोर पेलला जातो. १२ मिलिमीटर जाडीचा एक कोरडा स्टड (हबला पक्का बसवलेला, नट लावायचा आटेदार दांडा) १०० एनएमला आवळला की त्यातून सुमारे ४ टन दाब मिळतो. असे चार-पाच स्टड एका चाकाला असतात.

आवळणं कमी पडलं तर रिम हबवर सूक्ष्म सरकते, प्रत्येक फेरीला स्टड इकडून तिकडे वाकतो, नट सैल होत जातो आणि शेवटी स्टड थकून तुटतो. सैल नटामुळे तुटलेल्या स्टडकडे पाहून ‘बोल्टच कच्चा होता’ असं बऱ्याचदा म्हटलं जातं.

जास्त आवळलं तर बोल्ट त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला जातो आणि कायमचा लांब होतो. हे हाताला कळतं. पाना घट्ट होत होत येतो आणि अचानक मऊ फिरायला लागतो. त्या क्षणी थांबा. तो बोल्ट काढून नवीन घाला. अजून पाव आटा फिरवून तो घट्ट होणार नाही, तुटेल.

३. आमचे मेकॅनिककाका वीस वर्षं हाताच्या अंदाजानेच आवळतात. त्यांच्या गाड्या चालतातच की!

अनुभवी हाताचा अंदाज खोटा नसतो. टाकीचं झाकण, बॅटरीची क्लॅम्प, मडगार्ड, साइड पॅनेल, नंबर प्लेट ही कामं कोणीही टॉर्क पान्याने (किती टॉर्क लागला ते सांगणाऱ्या पान्याने) करत बसत नाही आणि करायची गरजही नाही.

पण हाताला दोन गोष्टी जमत नाहीत. सकाळच्या पहिल्या गाडीवर आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीवर सारखाच जोर लावणं ही एक. दुसरी, एकाच भागावरचे आठ-दहा बोल्ट सारखे आवळणं. हेड, चाक, क्लच, कनेक्टिंग रॉड अशा ठिकाणी सगळे बोल्ट सारखे असणं हे एकेका बोल्टच्या घट्टपणाइतकंच महत्त्वाचं असतं. म्हणून इंजिनच्या आतलं सगळं, हेड, चाकं, ब्रेक कॅलिपर, सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ॲल्युमिनियममध्ये जाणारा प्रत्येक बोल्ट, एवढं तरी टॉर्क पान्यानेच आवळावं असं माझं ठाम मत आहे. काकांना सांगून बघा. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

४. माझ्या गाडीचे आकडे कुठे मिळतील?

चाकाच्या नटांचा आकडा बहुतेक मोटारींच्या मालकाच्या पुस्तिकेत असतो. तो ‘टायर बदलणे’ किंवा ‘तांत्रिक माहिती’ या भागात शोधा. बाकीचे आकडे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. तेही नसेल तर मापानुसार सर्वसाधारण आकडे वापरता येतात. ८.८ शिक्का असलेले (प्रश्न ५ पाहा), कोरडे, पोलादात जाणारे बोल्ट धरले तर एम ६ साठी साधारण १० एनएम, एम ८ साठी २५, एम १० साठी ५० आणि एम १२ साठी ८५. ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टला हे आकडे लावू नका, तिथे आटे आधी जातात.

इथे एक मोठा खड्डा आहे. आपण गॅरेजमध्ये ‘दहाचा बोल्ट’ म्हणतो तेव्हा दहाचा पाना लागणारा बोल्ट असं म्हणत असतो. तक्त्यातला एम १० मात्र आट्यांच्या बाजूचा व्यास सांगतो. दहाचा पाना लागणारा बोल्ट सहसा एम ६ असतो. बारा किंवा तेराचा पाना लागणारा एम ८, आणि चौदा किंवा सतराचा लागणारा एम १०. ‘दहाचा’ म्हणून एम १० ची ओळ वाचून एम ६ बोल्टवर ५० एनएम लावले, तर तो तुटणारच. व्हर्नियर कॅलिपरने आट्यांचा व्यास मोजा आणि मगच तक्ता बघा.

५. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ लिहिलेलं असतं, ते काय?

ती पोलादाची ताकद आहे. पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे तुटण्याची ताकद, मेगापास्कलमध्ये. दशांशानंतरचा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो. ८.८ म्हणजे ८०० ला तुटणार आणि ६४० ला ताणला जाणार. १०.९ म्हणजे १००० आणि ९००. डोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर तो बोल्ट ब्रेकवर किंवा सस्पेन्शनवर घालू नका. हार्डवेअरच्या दुकानातला चकचकीत स्टेनलेस बोल्ट दिसायला छान असतो, पण साध्या स्टेनलेस बोल्टची ताकद सहसा ८.८ पेक्षा कमी असते.

६. पुस्तकात किलोग्रॅम-मीटर, पान्यावर फूट-पाउंड. काय करू?

किलोग्रॅम-मीटरला ९.८ ने गुणा की एनएम मिळतात. घाईत १० ने गुणलं तरी चालतं. फूट-पाउंडला १.३६ ने गुणा. किलोग्रॅम-सेंटिमीटर असेल तर आधी १०० ने भागा.

बऱ्याच पान्यांवर दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या पट्ट्या असतात. पुस्तकात १०० एनएम आणि हातून पाना सेट झाला १०० फूट-पाउंडवर, म्हणजे प्रत्यक्षात १३६ एनएम. एकतृतीयांशापेक्षा जास्तीचा हा जोर हाताला अजिबात जाणवत नाही. नको ती पट्टी चिकटपट्टीने झाकून टाका.

७. टॉर्क पाना कोणता घेऊ?

घरच्या कामाला ‘कट्’ आवाज करणारा क्लिक पाना सोयीचा. काट्याचा, म्हणजे बीमचा पाना स्वस्त असतो आणि त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, पण काट्यासमोर डोळा सरळ ठेवावा लागतो आणि अडचणीच्या जागी तो वाचता येत नाही. डिजिटल पान्याला कोनही मोजता येत असेल तर प्रश्न १८ मधल्या कामाला तो उपयोगी पडतो.

खरा मुद्दा रेंजचा आहे. पाना आपल्या रेंजच्या तळाशी भरवशाचा नसतो, त्यामुळे खालचा साधारण पाचवा हिस्सा वापरू नका. २०० एनएमपर्यंतच्या पान्याने एम ६ बोल्ट आवळायला जाऊ नका. ५ ते २५ एनएमचा छोटा आणि २० ते २०० च्या आसपासचा अर्धा इंची मोठा, अशा दोन पान्यांत दुचाकी आणि मोटारीचं बहुतेक काम निघतं. एकच घ्यायचा असेल आणि घरी फक्त दुचाकी असेल तर छोटा घ्या. आटे जाण्याचे प्रसंग बहुतेक छोट्याच बोल्टवर येतात.

८. क्लिक पाना वापरायची बरोबर पद्धत कोणती?

बोल्ट आधी हाताने बसवा. पहिले दोन-तीन आटे बोटांनीच फिरले पाहिजेत, अडला तर उलटा काढून पुन्हा लावा. मग साध्या पान्याने टेकवा. आता टॉर्क पाना घ्या, मूठ हँडलच्या मधोमध धरा आणि हिसका न देता एका लयीत ओढा. ‘कट्’ झालं की थांबा. खात्रीसाठी परत दोनदा-तीनदा कट् वाजवायची सवय अनेकांना असते. त्याने दर वेळी थोडा जास्तीचा टॉर्क जातो.

आणखी एक. आधीपासून घट्ट असलेल्या बोल्टवर पाना लावला आणि लगेच कट् वाजलं, तर बोल्ट ‘निदान तेवढा’ घट्ट आहे एवढंच कळतं. तो दुप्पट घट्ट असला तरी आवाज तोच. खरी खात्री हवी तर बोल्ट सैल करून पुन्हा आवळा.

९. पाना ठेवायचा कसा? कॅलिब्रेशन खरंच लागतं का?

काम झालं की क्लिक पाना त्याच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, म्हणजे आतली स्प्रिंग दबून राहत नाही. त्याच्याही खाली फिरवू नका. जाम नट उघडायला टॉर्क पाना कधीही वापरू नका, त्यासाठी लांब दांड्याचा पाना घ्या. पाना सिमेंटच्या फरशीवर पडला तर त्याच्यावर विसंबू नका, तपासून घ्या.

आयएसओ ६७८९ या मानकानुसार, वेगळी सूचना नसेल तर १२ महिने किंवा ५,००० वेळा वापर, यांतलं जे आधी होईल तेव्हा पाना तपासावा. गॅरेजवाल्यांनी हे पाळावंच. एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत हे काम करून मिळतं. वर्षातून चार वेळा पाना हातात घेणाऱ्याने निदान ओळखीच्या चांगल्या पान्याशी तो ताडून बघावा.

१०. टॉर्क पाना नाहीच आहे. आज काम करायचंय. काही जुगाड?

आहे, आणि तो भौतिकशास्त्राला धरून आहे. सामान मोजायचा हुकचा काटा किंवा शाळेतला ताणकाटा घ्या. साध्या पान्याच्या टोकाला काटा अडकवून पान्याशी काटकोनात ओढा. नटाच्या मध्यापासून हुकपर्यंतचं अंतर मीटरमध्ये, गुणिले काट्यावरचे किलो, की किलोग्रॅम-मीटर मिळाले. १०० एनएम हवे असतील आणि अंतर ४० सेंटिमीटर असेल, तर काटा साधारण २५ किलो ५०० ग्रॅम दाखवेल तेव्हा थांबायचं. काटकोन चुकला तर हिशेब चुकतो, बाकी पद्धत चोख आहे.

पाय देऊन आवळणं मात्र सोडा. ७० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या व्हील पान्यावर उभा राहिला की टॉर्क २०० एनएमच्या वर जातो. लहान मोटारीच्या नटाला लागतो त्याच्या हा जवळजवळ दुप्पट झाला.

११. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावावं का? गंज तर लागत नाही ना त्याने?

पुस्तकात सांगितलं असेल तरच. आपण लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात आणि फक्त १० टक्के बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. म्हणजे घर्षण थोडं बदललं तरी ताण खूप बदलतो. प्रश्न २ मधल्या त्याच १२ मिलिमीटरच्या स्टडला ऑइल लावून तेच १०० एनएम लावले, तर दाब ४ टनांवरून साडेपाच टनांच्या आसपास जातो. पाना मात्र तितक्याच इमानाने कट् म्हणतो.

आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो असं धरून चाला. चाकाचे स्टड तारेच्या ब्रशने साफ करा आणि कोरडेच ठेवा. याच्या उलट, हेड बोल्टसारख्या ठिकाणी पुस्तक ‘आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइल लावा’ असं सांगत असेल, तर तिथे कोरडं आवळणंही तितकंच चूक.

१२. चाकाचे नट कुठल्या क्रमाने आवळायचे? जॅकवर असतानाच की खाली उतरवून?

गाडी जॅकवर असताना सगळे नट हाताने लावा आणि साध्या पान्याने हलके टेकवा, म्हणजे रिम हबवर सरळ बसते. मग चाक जमिनीला टेकेपर्यंत जॅक उतरवा आणि टॉर्क पान्याने आवळा. हवेत चाक फिरतं, पूर्ण टॉर्क लागत नाही.

क्रम एकाआड एक. चार नट असतील तर समोरासमोर, पाच असतील तर चांदणी काढतो तसा. शेजारचा नट लगेच आवळला की रिम एका बाजूला बसते आणि दुसरी बाजू उघडी राहते. दोन टप्प्यांत करा, आधी निम्म्या टॉर्कला सगळे, मग पूर्ण टॉर्कला सगळे. लहान-मध्यम मोटारींसाठी आकडा साधारण ९० ते १२० एनएमच्या घरात असतो. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या. ब्रेक दाबल्यावर पॅडल थरथरण्यामागेही कधी कधी असमान आवळलेली चाकं असतात, कारण रिमसोबत डिस्कही किंचित वाकडी बसते.

१३. टायरवाला हवेच्या गनने टर्रर्र करून आवळतो. हे बरोबर आहे का?

नट पटकन टेकवायला गन चांगली. शेवटचं आवळणं तिने करू नये. साध्या अर्धा इंची गनमधूनही ५०० एनएमच्या पुढे जोर निघू शकतो आणि किती गेला हे चालवणाऱ्याला कळत नाही. बोट किती वेळ दाबून ठेवलं आणि कॉम्प्रेसरमध्ये हवा किती होती, यावर ते ठरतं.

याची शिक्षा दुकानात मिळत नाही, घाटात मिळते. रात्री पंक्चर झालं, स्टेपनी आहे, जॅक आहे, आणि गाडीसोबत आलेल्या छोट्या व्हील पान्याने नट हलत नाही. त्यावर उभं राहिलं तरी किती टॉर्क निघतो ते प्रश्न १० मध्ये दिलंच आहे.

दुकानदाराला ‘शेवटचं हाताने आवळा’ असं नम्रपणे सांगा, गाडीजवळ उभे राहा. टॉर्क पाना असेल तर गाडीत ठेवा आणि त्यांच्याच हातात द्या. राहून गेलं तर घरी सपाट जागेवर हँडब्रेक लावून एकेक नट सैल करा आणि बरोबर टॉर्कला आवळा. एका वेळी एकच नट.

१४. चाक काढून बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला का सांगतात?

रिम आणि हबच्या मध्ये गंजाची खपली, चिखलाचा थर किंवा ताजा रंग असेल तर गाडी चालल्यावर तो चुरडला जातो. तो जितका दबतो तितका बोल्टचा ताण उतरतो. दहा मायक्रॉनचा फरकही इथे जाणवतो, कारण मुळात बोल्ट ताणलाच गेलेला असतो मिलिमीटरच्या लहानशा अंशाने. पावसाळ्यात आणि कोकणाच्या खाऱ्या हवेत हबचा चेहरा किती खवलेदार होतो ते चाक काढल्यावर एकदा बोट फिरवून बघा. बसवण्याआधी तारेच्या ब्रशने तो घासून घ्या.

तपासताना गाडी थंड हवी. इथे नट सैल करायची गरज नाही. पाना ठरलेल्या आकड्यावर ठेवून ओढा. नट थोडा फिरून कट् वाजलं तर तो सैल झाला होता, तपासल्याचा उपयोग झाला. दुसऱ्या तपासणीतही तोच नट फिरला तर स्टड, नट आणि रिमची बसायची जागा पाहा.

१५. अलॉय बसवले. जुने नट चालतील का?

नटाची बसायची बाजू आणि रिमच्या भोकाची कड जुळली तरच. काही नट शंकूसारखे असतात, काही गोलसर, काही सपाट वॉशरचे. शंकूचा नट गोलसर जागेत बसवला तर तो फक्त एका कडेवर टेकतो. टॉर्क पाना बरोबर आकडा दाखवेल आणि तरी चाक सैल होईल. आट्यांची पकडही मोजा. ढोबळ नियम असा की स्टडच्या व्यासाइतकी तरी खोली आट्यांत गेली पाहिजे.

१६. स्पार्क प्लग किती आवळायचा? दर वेळी भीती वाटते.

भीती योग्य आहे, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले की काम महाग पडतं. इंजिन पूर्ण थंड असू द्या. प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा वीतभर तुकडा खोचा आणि त्यानेच प्लग फिरवत आत घाला. आटे तिरके लागले तर नळी प्लगवर घसरते, जबरदस्ती होतच नाही.

टेकल्यावर टॉर्क. १० मिलिमीटर आट्यांच्या प्लगला १० ते १२ एनएम, १२ ला १५ ते २०, १४ ला २५ ते ३०. शंभर-सव्वाशे सीसीच्या अनेक मोटरसायकलींत १० मिलिमीटरचा प्लग असतो. मोटारीच्या सवयीने तो आवळू नका. टॉर्क पाना जात नसेल तर १४ मिलिमीटरचा नवीन, वॉशरवाला प्लग टेकल्यापासून साधारण अर्धा फेरा. वॉशर नसलेला, शंकूच्या बैठकीचा असेल तर फक्त एका फेऱ्याचा सोळावा हिस्सा. जुना प्लग परत घालताना वॉशर आधीच दबलेला असतो, त्यामुळे अर्ध्या फेऱ्याच्या खूप आधी थांबायचं. आट्यांना ग्रीस नको. कारण प्रश्न ११ मध्ये.

१७. ड्रेन बोल्टमधून ऑइल झिरपतंय. अजून आवळू का?

नको. वॉशर बदला. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा तो मऊ वॉशर एकदाच दबून बसण्यासाठी असतो आणि जुना वॉशर कितीही आवळला तरी नव्यासारखा बसत नाही. ‘झिरपतंय, आवळ’ असं दर सर्व्हिसिंगला होत गेलं की चेंबरचे आटे जातात. एम १२ ड्रेन बोल्टला दुचाकीत साधारण २० ते ३० एनएम पुरतात, मोटारीत पुस्तिका बघा.

१८. हेड बोल्टसाठी ‘३० एनएम + ९०° + ९०°’ असं लिहिलंय. म्हणजे काय?

आधी सगळे बोल्ट ३० एनएमला. मग प्रत्येक बोल्ट क्रमाने काटकोनातून फिरवायचा, सगळ्यांचा एक फेरा झाला की पुन्हा काटकोन. ३० एनएमने भाग फक्त टेकतात. पुढचं ताणणं कोनाने मोजलं जातं, कारण कोनात घर्षणाची लबाडी चालत नाही. दीड मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) बोल्ट ९०° फिरला की तो ०.३७५ मिलिमीटर पुढे जातो, आटे कोरडे असोत की ओले. कोन मोजायला मापक नसेल तर प्रत्येक डोक्यावर रंगाचा ठिपका द्या, कोणता बोल्ट राहिला तेही दिसतं.

अशा पद्धतीतले बरेच बोल्ट मुद्दाम ताणण्याच्या मर्यादेपर्यंत नेलेले असतात. ते एकदाच वापरायचे. पुस्तकात लांबी मोजून परत वापरायची मुभा असेल तरच परत वापरा. आवळताना मधून बाहेरच्या बाजूला, उघडताना बाहेरून आत. आणि ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी पुसून घ्या. तळाशी ऑइल किंवा कूलंट साचलं असेल तर त्याला जायला वाट नसते आणि बोल्ट उतरताना त्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

१९. एक्स्टेन्शन लावल्यावर टॉर्क बदलतो का?

गोटी (सॉकेट) आणि पान्याच्या मध्ये उभं, सरळ एक्स्टेन्शन लावलं तर हाताच्या पान्याला फरक पडत नाही. पान्याची लांबी वाढवणारा जोड, म्हणजे तोंडाला लावलेला उघडा पाना, असेल तर बदलतो. तेव्हा पाना कमी आकड्यावर ठेवायचा: हवा असलेला टॉर्क गुणिले पान्याची लांबी, भागिले पाना आणि जोड यांची एकत्र लांबी. पाना ४०० मिलिमीटर, जोड ५०, हवेत ९० एनएम, तर पाना ८० वर ठेवा. जोड पान्याशी काटकोनात लावला तर हिशेब करावा लागत नाही. हँडलमध्ये पाइप घालून क्लिक पाना वापरू नका, आकडा खोटा येतो.

२०. नायलॉक नट, स्प्लिट पिन, लॉकचं निळं औषध: यांना टॉर्क वेगळा असतो का?

नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, आवळण्याआधीच जड फिरतो. पुस्तकातला आकडा त्याच नटासाठी असेल तर तो अडथळा धरलेला असतो. सर्वसाधारण तक्ता वापरत असाल तर जड फिरण्याचा टॉर्क त्यात मिळवा. हाताने सहज फिरायला लागलेला नायलॉक नट टाकून द्या. स्प्लिट पिनच्या नटाला दिलेल्या रेंजचा खालचा आकडा लावा आणि भोक जुळवायला पुढे आवळा, मागे सैल करू नका (अपवाद प्रश्न २२ मध्ये). नट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं लॉकचं औषध एकदोन थेंब, साफ आट्यांवर, सांगितलेल्या जागीच. निळं औषध हातपान्याने सुटतं, लाल सोडवायला बहुतेक वेळा बोल्ट तापवावा लागतो.

२१. सस्पेन्शनचे बोल्ट बरोबर टॉर्कला आवळले, तरी महिन्याभरात बुश फाटले. का?

बहुधा गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचं आवळणं झालं असेल. रबरी बुशची आतली नळी बोल्टने पकडली जाते आणि रबर तिथेच शून्य पिळावर बसतं. चाक खाली लोंबत असताना ते पकडलं तर गाडी जमिनीवर आल्या क्षणापासून रबर पिळलेलं राहतं. बोल्ट हलके टेकवा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, एकदोनदा दाबून बसवा आणि मग टॉर्क लावा. रॅम्प नसेल तर आर्मखाली जॅक देऊन नेहमीच्या उंचीला आणा.

२२. बेअरिंगचा नट टॉर्कला आवळायचा की सैल ठेवायचा?

बेअरिंगच्या जातीवर आहे. समोरच्या चाकांनी ओढणाऱ्या मोटारींत मोठा ॲक्सल नट बेअरिंगला एकत्र धरून ठेवतो. त्याचा टॉर्क बऱ्याचदा दोनशे एनएमच्या आसपास किंवा वर असतो, आणि तो पूर्ण आवळल्याशिवाय चाकावर गाडीचं वजन टाकायचं नाही, नाहीतर बेअरिंग खराब होतं. ठोकून लॉक केलेला नट असेल तर नवीन घ्या.

टेपर रोलर बेअरिंगचं उलट आहे. जुन्या मोटारींच्या पुढच्या हबला किंवा अनेक मोटरसायकलींच्या हँडलच्या बेअरिंगला आधी आवळून बसवतात, मग नट मागे घेतात आणि शेवटी अगदी हलका टॉर्क देतात. इथे ‘अजून थोडं घट्ट’ म्हणजे तापलेलं बेअरिंग किंवा अडकत वळणारं हँडल.

२३. चौफुली स्क्रूचं डोकं दर वेळी गुळगुळीत होतं. आणि प्लॅस्टिकमधले स्क्रू ढिले का पडतात?

अनेक जपानी घडणीच्या दुचाकींवरचे चौफुली स्क्रू जपानी मानकाचे असतात. डोक्यावर बहुधा एक बारीक ठिपका दिसतो. नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर आला की वर चढतो आणि खाच खातो. जपानी मानकाचं टोक घ्या. घट्ट बसलेल्याला हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर वापरा.

प्लॅस्टिकमध्ये स्क्रू घालताना आधी तो हलक्या हाताने उलटा फिरवा. एका जागी तो बारीक ‘टप्’ करून खाली बसतो. तिथून सुलटा फिरवला की तो जुन्याच आट्यांत जातो. असं न करता दाबून फिरवला की दर वेळी नवे आटे कापले जातात आणि चार-पाच वेळांत भोकाची पकड जाते. डोकं टेकलं की थांबा.

२४. सुलटा फिरवतोय तरी नट सैलच होतोय. उलटे आटे कुठे असतात?

काही जुन्या ट्रकांच्या डाव्या बाजूच्या चाकांना, काही दुचाकींच्या एका आरशाला आणि सायकलच्या डाव्या पेडलला. जाम वाटणाऱ्या नटावर जोर वाढवण्याआधी बाहेर आलेल्या आट्यांचा उतार बघा.

२५. चाकाचा एक स्टड तुटलेला सापडला. तेवढाच बदलू का?

तो आणि त्याच्या दोन्ही शेजारचे बदला. एक तुटला तेव्हा त्याच्या वाट्याचा भार त्या दोघांनी घेतलेला असतो. एकाच चाकाचे दोन किंवा अधिक तुटले असतील तर सगळे बदला आणि रिमची भोकं अंडाकृती झाली नाहीत ना ते तपासा. झाली असतील तर ती रिम पुन्हा गाडीला लावू नका.

२६. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेलेच. आता?

मोठा बोल्ट ठोकून बसवू नका, भोक तिरकं होतं. चांगल्या लेथवाल्याकडे किंवा गॅरेजमध्ये पोलादी तारेचा आटा, ज्याला हेलिकॉइल म्हणतात, बसवून घ्या. मूळ मापाचाच बोल्ट परत वापरता येतो, आणि नीट बसवलेला हेलिकॉइल मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असतो. भोक पाडताना चुरा इंजिनमध्ये पडणार नाही याची काळजी घ्यायला सांगा. ड्रिलला ग्रीस लावलं की बराचसा चुरा त्यालाच चिकटतो. आटा बसवून झाला की थोडं स्वस्त ऑइल वरून ओतून खालून वाहू द्या, मग नवीन वॉशर घालून बोल्ट लावा. टॉर्क मूळ आकड्याचाच.